आमची बटणं परत द्या: नवं रूप घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापन, डिझाइन विभाग आणि तांत्रिक विभाग

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑनलाइन शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मचं नवं रूप सुरू झालं आणि त्याच दिवशी जुनं बंद झालं. यातला दुसरा निर्णय मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. सपोर्टला मेल करून झाले. तिथून येणारं उत्तर ठरलेलं असतं: ब्राउझर अपडेट करा, कॅश साफ करा, आपलं म्हणणं संबंधितांपर्यंत पोहोचवलं आहे. हे संबंधित कोण, ते काही कळत नाही. तेव्हा जाहीरच लिहिते. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते कळेलच. आणि आणखी चार ठिकाणच्या लोकांना हे आपल्याबद्दलच आहे असं वाटलं, तर तेही बरंच.

मी मुद्रितशोधन करते. तुमच्या प्लॅटफॉर्मवर मुद्रितशोधनाचा वर्ग घेते आणि इतरांच्या वर्गांत स्वतः शिकतेही. मला स्टारगार्ट हा डोळ्यांचा आजार आहे. त्यात दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत जातो आणि कडेची नजर शिल्लक राहते. त्यामुळे मी एकटी चालते, जिने उतरते, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही. जिथं बघावं नेमका तिथंच डाग. चार ओळी वाचायच्या असतील तर मजकूर मोठा करून, काळ्यावर पांढरा करून डोळ्याच्या कडेनं वाचते. लांबलचक असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावते. प्रुफं तपासताना मात्र बोटं पडद्यावरचा मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर असतात, कारण ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ हमखास निसटतं आणि ब्रेलमध्ये इ आणि ई यांचे ठिपकेच वेगळे असतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अंध वापरकर्ता आणि डोळस वापरकर्ता असे दोनच कप्पे तुमच्या डोक्यात असतील तर मी कुठल्याच कप्प्यात बसत नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. त्यात नजर अधू असलेले आले, ऐकू न येणारे आले, हात थरथरणारे आले, अक्षरं ओळखताना गोंधळणारे आले. एकाच माणसाच्या वाट्याला यातलं दोन-तीन येतं, तेही वेगळंच.

जुनं रूप रुक्ष होतं, हे मला मान्य आहे. त्यातला शोध तर कामाचाच नव्हता, आणि नवा शोध खरोखर चांगला आहे. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट टाइप केलं तरी हवा तो धडा सापडतो. ज्यानं कुणी तो केला, त्याचं मनापासून कौतुक. पण जुन्या रूपात मी धडा उघडू शकत होते, चाचणी देऊ शकत होते, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासू शकत होते, आणि यातल्या कशासाठीही मला कुणाला शेजारी बसवावं लागत नव्हतं. ते गेलं. काय काय गेलं, ते आता मुद्द्यानं सांगते.

आधी बटणांचं. नव्या रूपात धड्याच्या पानाखाली चिन्हांची एक पट्टी आहे. डोळस विद्यार्थ्याला तिथं मागे, थांबा, पुढे, खूण, टिपण, मदत असं दिसत असेल. कीबोर्डवरची टॅब ही कळ दाबत एकेका चिन्हावर जात गेल्यावर मला ऐकू येतं ते असं: ‘बटण. बटण. बटण. बटण.’ पाचव्या ठिकाणी ‘ग्राफिक, आयकॉन डॅश नोट डॅश फायनल डॅश टू’. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचायचे शब्द, दिलेला नाही, म्हणून स्क्रीन रीडर बिचारा फाइलचं नाव वाचतो. (फायनलच्या पुढे टू लागलेलं ऐकून तुमच्याकडची धावपळ कळते, थोडी कणवही येते.) सहाव्या चिन्हावर, म्हणजे मदतीच्या, टॅब पोहोचतच नाही.

पोहोचत नाही, कारण ते बटण म्हणून लिहिलेलंच नाही. एचटीएमएल या वेबपानं लिहिण्याच्या भाषेत बटणासाठी स्वतंत्र टॅग, म्हणजे खूण, आहे. तो वापरला की ब्राउझर बरंचसं काम फुकटात करून देतो: टॅबनं तिथं जाता येतं, एंटर आणि स्पेसबार दोन्ही चालतात, आणि हे बटण आहे एवढं स्क्रीन रीडरला न सांगता समजतं. तुमच्याकडे त्याऐवजी साधा डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा कप्पा, घेतला, त्याला गोल कोपरे दिले, खाली सावली घातली आणि माउसच्या क्लिकला कोड जोडला. डोळ्यांना ते बटणच वाटतं. कीबोर्डवाल्याला तिथं काहीच नाही. मग उणीव भरून काढायला काही ठिकाणी एरियाचे, म्हणजे कुठला घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारे, गुणधर्म वरून चिकटवलेले दिसतात. एरियाचा मापदंड वेबची मानकं ठरवणाऱ्या ज्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं लिहिला, तिचाच त्याबाबतचा पहिला नियम आहे की मूळ एचटीएमएलमध्ये सोय असेल तर तीच वापरा. भर म्हणून कीबोर्ड आत्ता पानावरच्या कुठल्या बटणावर किंवा लिंकवर आहे हे दाखवणारी चौकटही काढून टाकली आहे. ती सुंदर दिसत नसावी. माउस धरता न येणाऱ्या, पण डोळ्यांनी नीट दिसणाऱ्या माणसानं आपण पानावर कुठं आहोत हे कशावरून ओळखायचं?

शीर्षकांचंही तेच झालं. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. एच दाबला की पुढच्या शीर्षकावर उडी, असं करत तो पान चाळतो, डोळस माणूस नजर फिरवतो तसं. नव्या रूपात शीर्षकं म्हणजे नुसती मोठी, ठळक अक्षरं. शीर्षकाचा टॅग कुठंच नाही. एच दाबला की उत्तर येतं, ‘पुढे शीर्षक नाही’. चाळीस मिनिटांच्या धड्यातली एक व्याख्या पुन्हा ऐकायची तर सगळं पान उपसा.

या काही जगावेगळ्या चुका नाहीत, हे मला माहीत आहे. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. दरवर्षी त्याच सहा चुका वर येतात: फिकट अक्षरं, पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं, आणि पानाची भाषा न सांगणं. तुमच्या नव्या रूपात या सहाही आहेत. जुन्या रूपात मला दोन सापडायच्या.

यातली शेवटची चूक मराठी वाचणाऱ्यांना जास्त छळते. पान कुठल्या भाषेत आहे हे सांगण्याची सोय एचटीएमएलमध्ये १९९७ पासून आहे. एका शब्दाचं काम. तुमच्या मराठी धड्यांच्या पानांवर भाषा इंग्रजी अशी नोंद आहे. त्यामुळे स्क्रीन रीडर आज्ञाधारकपणे इंग्रजी आवाज लावतो, आणि तो आवाज देवनागरीपुढे गप्प बसतो. मधे एखादा आकडा आला की तेवढा इंग्रजीत बोलतो. डोळस माणसाला कल्पना यावी म्हणून सांगते: सगळ्या ओळी पुसलेल्या आणि फक्त पृष्ठक्रमांक ठेवलेलं पुस्तक हातात द्यावं, तसं हे वाटतं. मला आवाज हातानं बदलता येतो. नुकताच स्क्रीन रीडर शिकू लागलेल्या माणसाला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं. काही धड्यांत तर मराठी मजकूर सरळ चित्र करून टाकला आहे, बहुधा फाँट बिघडू नये म्हणून. त्या चित्रात काय लिहिलंय हे आवाजालाही कळत नाही आणि ब्रेल डिस्प्लेलाही नाही.

आता मोठ्या अक्षरांकडे येते. मजकूर दुप्पट मोठा केला तरी काही कापलं जाऊ नये, ही साधी अट आहे. तुमच्या बटणांची उंची मात्र पक्की ठरवून टाकली आहे, आणि ती रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली दिसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्यांना जागा लागते आणि खाली उकारांना. ती न ठेवल्यामुळे मजकूर मोठा केला की ‘पुढे जा’ या बटणाचा वरचा मात्रा आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात आणि उरतं ‘पढ जा’. ‘कृती’ची ‘कती’ होते. व्यवसायानं मी मुद्रितशोधक, तेव्हा या बटणापाशी माझं किती रक्त आटतं ते विचारू नका.

रंगांचंही बघा. तुम्ही दुय्यम मजकूर राखाडी केला आहे. वेबच्या रंगसंकेतात सहा वेळा ९ लिहिलं की मिळतो तो राखाडी. कोड उघडून खात्री केली. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, २.८५:१ येतं. नेहमीच्या अक्षरांना किमान ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांना ३:१. म्हणजे हा राखाडी मोठ्या शीर्षकालासुद्धा पुरत नाही. तो संकेत बदलून ७६७६७६ केला असता तर ४.५४:१ मिळालं असतं, आणि तुमच्या देखणेपणाला धक्का लागला असता असं मला वाटत नाही. बरं, त्या फिकट रंगात लिहिलंय काय? चाचणीची शेवटची तारीख, शुल्क परत मिळण्याच्या अटी, आणि एखादा रकाना चुकीचा भरला तर त्याचं कारण. दुय्यम! आणि काळ्यावर पांढरा मजकूर लावला की चिन्हं गायबच होतात, कारण ती पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी चित्रं आहेत.

हे आकडे मी मनानं सांगत नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, मार्गदर्शक सूचना, ज्यांना सगळे डब्ल्यूसीएजी म्हणतात, पहिल्यांदा मे १९९९ मध्ये आल्या. २.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि २०१२ मध्ये ती आयएसओ मानक झाली. २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. कॉन्ट्रास्टची अट २००८ पासून जशीच्या तशी आहे. नवं रूप घडवायला घेतलंत, तेव्हा हे सगळं मोफत वाचायला उपलब्ध होतं.

आणि आता चाचणी. बाकी सगळं एका पारड्यात टाकलं तरी चाचणीचं पारडं जड होईल, कारण चाचणीवर प्रमाणपत्र अवलंबून आहे आणि प्रमाणपत्रावर काही जणांचं काम.

चाचणीच्या पानावर वर उलटं चालणारं घड्याळ आहे. ते दर सेकंदाला बदलतं, आणि प्रत्येक बदल स्क्रीन रीडरनं हातातलं वाचन तोडून ताबडतोब जाहीर करावा अशी सूचना त्याला कोडमध्ये दिलेली आहे. परिणाम असा: ‘खालीलपैकी कोणत्या… चौदा मिनिटं बत्तीस सेकंद… खालील… चौदा मिनिटं एकतीस सेकंद.’ प्रश्न पुरा ऐकू येणं शक्यच नाही. ज्यानं हे लिहिलं त्याचा हेतू चांगला असणार. आंधळ्या माणसालाही वेळ कळावा, असंच त्याला वाटलं असेल. पण त्यानं एकदाही स्क्रीन रीडर लावून पहिला प्रश्न ऐकलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. एरियामध्ये अशा घड्याळासाठी खास भूमिका, म्हणजे तयार ओळख, आहे आणि ती मुळातच गप्प राहते. हवं तेव्हा माणूस स्वतः जाऊन वेळ ऐकतो. पाच मिनिटं उरली, एक मिनिट उरलं, एवढ्या दोन सूचना पुरेत.

दुसरं, उत्तर निवडलं की पान नव्यानं रचलं जातं आणि कीबोर्ड थेट पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो. मग बोधचिन्ह, यादी, शोध, माझं खातं, सूचना, घड्याळ, असं सगळं ओलांडत पुन्हा प्रश्नापर्यंत यायचं. प्रत्येक प्रश्नाला. न सोडवलेले प्रश्न नुसत्या लाल कडेनं दाखवले आहेत. रंग न कळणाऱ्याला ते कळत नाहीत आणि स्क्रीन रीडरला तर नाहीतच. एका प्रकारच्या प्रश्नात वाक्यं ओढून क्रमानं लावायची आहेत. ओढण्याखेरीज दुसरा मार्ग द्या, असं २.२ या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे. इथं तो नाही, म्हणून त्या प्रश्नाचे गुण माझ्यासारख्यांना मिळूच शकत नाहीत.

वेळ संपत आली की ‘वेळ वाढवायचा आहे का’ अशी खिडकी उघडते, ही कल्पना चांगली. पण कीबोर्ड त्या खिडकीत जातच नाही. तो मागच्या पानावर फिरत राहतो आणि खिडकी आपली आपण मिटते. मार्गदर्शक सूचना सांगतात की वेळेची मर्यादा घालायची तर ती बंद करता यावी, किंवा आधीच पुरेशी वाढवून घेता यावी, किंवा संपण्याआधी सूचना देऊन साध्याशा कृतीनं वाढवायला निदान २० सेकंद मिळावेत, आणि असं निदान दहा वेळा करता यावं. परीक्षेत वेळेला महत्त्व आहे, हे शिक्षिका म्हणून मलाही पटतं. पण मग ज्याला गरज आहे त्याच्या खात्यावर आधीच जास्तीचा वेळ लावण्याची सोय शिक्षकाला द्या. जुन्या रूपात ती होती. माझ्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांच्या नावावर मी ती लावलेली होती. नव्या रूपात तो रकानाच उडाला आणि त्या विद्यार्थ्यांपुढे ‘अनुत्तीर्ण’ लागलं. त्यांना विषय येतो. मी शिकवलाय, मला माहीत आहे.

इथवर यायला आधी लॉगिन करावं लागतं, तोही एक सोहळाच आहे. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी, एकीलाही लेबल नाही, आणि पेस्ट करायला बंदी. म्हणजे सहा आकडे लक्षात ठेवायचे, स्क्रीन रीडर ‘एडिट, रिकामं’ म्हणत असताना एकेक टाइप करायचे, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. लॉगिनसाठी माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका, पेस्ट अडवू नका, हेही २.२ मध्ये आहे. पेस्ट अडवून सुरक्षितता वाढते, ही समजूत कुठून येते कोण जाणे. एक चौकट ठेवा, तिला नाव द्या, संपलं.

माझ्या वर्गातल्या इतरांच्या तक्रारी थोडक्यात सांगते. त्यांचं त्यांनी सविस्तर लिहिलेलं बरं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना तुमची ‘रद्द करा’ आणि ‘सादर करा’ ही चिटुकली, एकमेकांना चिकटलेली बटणं नेमकी दाबता येत नाहीत. लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका ते गाठायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं आहे, २.२ मध्ये निदान २४ बाय २४ पिक्सेलची अट आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना व्हिडिओवर यंत्रानं काढलेली मथळापट्टी, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणारी पट्टी, मिळते, आणि त्यात ‘अनुस्वार’ या शब्दाचे दर वेळी वेगळे अवतार होतात. ती कुणीतरी माणसानं बघायला हवी.

हे सगळं तुमच्या कानावर अजिबात आलं नसेल असं नाही, कारण नव्या रूपात उजव्या कोपऱ्यात मनुष्याकृतीचं एक गोल चिन्ह आलं आहे. ते दाबलं की अक्षरं मोठी करा, रंग उलटे करा, कर्सर मोठा करा असा तक्ता उघडतो. बाहेरून विकत घेतलेलं हे ओव्हरले आहे. मला ते नको आहे, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कुणालाच नको आहे. अक्षरं मोठी करण्याची सोय माझ्या संगणकात आधीच आहे, आणि ती एकट्या तुमच्या साइटपुरती नाही. उलट हे ओव्हरले स्क्रीन रीडरच्या शॉर्टकटना आडवं येतं. नाव नसलेल्या बटणाला ते अंदाजानं नाव देतं. मदतीच्या चिन्हाला त्यानं ‘वर्तुळ’ म्हटलंय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये असंच साधन विकणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला सांगितले, कारण हे लावलं की कुठलीही साइट मार्गदर्शक सूचनांनुसार होते, हा तिचा दावा टिकला नाही. तुम्ही त्यावर खर्च केलेल्या पैशात घड्याळ, ओटीपी आणि बटणं दुरुस्त झाली असती, असा माझा अंदाज आहे.

नव्या रूपाच्या घोषणेत वापरसुलभता वाढली असं तुम्ही म्हटलं आहे. वापरसुलभतेचं आयएसओ ९२४१ मध्ये एक मानक आहे. त्यात ती मोजायची ती ठरावीक वापरकर्त्यांसाठी, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक परिस्थितीत. कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय ‘वाढली’ म्हणण्याला अर्थ नाही. तुमच्या चाचण्यांत स्क्रीन रीडर वापरणारं, फक्त कीबोर्डवर काम करणारं कुणी होतं का? माझा समज असा की पडद्यांची चित्रं आधी रंगली, ती वरिष्ठांना दाखवली, मंजूर झाली, आणि सुगम्यता हा विषय दुसऱ्या टप्प्याच्या यादीत गेला. चित्रात बटणाला नाव लागत नाही, क्रम लागत नाही, आवाज लागत नाही. म्हणून चित्र मंजूर झालं की सगळं झालं असं वाटतं. स्वयंचलित तपासणीचे चांगले गुण दाखवून समाधान मानू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढं यंत्र सांगतं. तो ‘प्रतिमा १’ असा असला तरी यंत्राचं समाधान होतं.

‘असे वापरकर्ते किती?’ हा प्रश्न मला सपोर्टच्या एका उत्तरात आडून विचारला गेला. ज्या दारातून आत येता येत नाही त्या दारातून आत आलेल्यांची मोजदाद करून काय कळणार? शिवाय हा मेहेरबानीचा मामला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या नवव्या कलमात माहिती आणि संपर्काची साधनं इतरांच्या बरोबरीनं वापरता येणं आहे, आणि चोविसाव्या कलमात शिक्षण. तुमचा प्लॅटफॉर्म या दोन्हींत येतो.

माझ्या मागण्या अशा.

जुनं रूप पुन्हा सुरू करा. कायमचं नव्हे, नव्या रूपात लॉगिन, धडा आणि चाचणी ही तीन कामं माउसशिवाय आणि स्क्रीन रीडरनं पुरी होईपर्यंत. त्याची लिंक मुखपृष्ठावर ठेवा, सात पानं आत नको.

ज्यांचा जास्तीचा वेळ परस्पर काढला गेला, त्यांचा ‘अनुत्तीर्ण’ शेरा मागे घ्या आणि चाचणी पुन्हा, शुल्काविना घ्या. शिक्षकांना वेळ वाढवण्याचा रकाना आजच्या आज परत द्या. त्यासाठी नव्या डिझाइनची वाट बघण्याचं कारण नाही.

ओव्हरले काढा.

दुरुस्तीचा क्रम आणि तारखा जाहीर करा. आधी घड्याळ आणि लॉगिन, मग बटणं आणि शीर्षकं, मग पानांची भाषा, मग रंग आणि बटणांची उंची. भाषेची नोंद खरं तर एका दुपारचं काम आहे, ते मधेच उरकून टाकलंत तर कुणी तक्रार करणार नाही. काय काय चालत नाही याची यादी साइटवर लावा, म्हणजे माणूस चाचणीच्या दिवशी अडकणार नाही.

डब्ल्यूसीएजी २.२ मधली एए, म्हणजे तीन पातळ्यांतली मधली, पातळी ही पुढच्या प्रत्येक बदलासाठी अट ठेवा. एखादा बदल त्यात बसत नसेल तर तो थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडच्या एका नेमलेल्या माणसाला द्या, आणि त्या माणसाशी संपर्क कसा करायचा ते सांगा.

अपंग वापरकर्त्यांना पहिल्या कच्च्या आराखड्यापासून सोबत घ्या आणि त्यांच्या कामाचे पैसे द्या. दोष शोधून देणं हे काम आहे. या पत्रात मी ते फुकट केलं. पुढच्या वेळी बिल पाठवीन.

उत्तर जाहीर द्या, कारण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आणि ते द्याल तेव्हा सहीशिक्क्याच्या पत्राचा फोटो काढून लावू नका. साध्या मजकुरात लिहा, भाषेची नोंद मराठी अशी करा, आणि अक्षरं काळी ठेवा.

आपली,
तुमच्याकडे शिकणारी आणि शिकवणारी एक मुद्रितशोधक